कोकोपीटमधलं खरबूज: फवारणी करूनही पानं पुन्हा पिवळी, वर कडाही करपलेल्या

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच क्रमाने येते. पॉलिहाऊसमध्ये कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पिशव्यांत लावलेले खरबुजाचे वेल दोरीवर छान चढलेले असतात, फळं सेट होऊन फुगायला लागलेली असतात, आणि नेमकी फळाच्या आसपासची पानं शिरांच्या मधून पिवळी पडायला लागतात. दुकानातून मॅग्नेशियम किंवा मिक्स मायक्रोन्यूट्रियंट आणून फवारलं जातं. चार-पाच दिवस बरं वाटतं. मग पुन्हा तेच, आणि या खेपेला पानांच्या कडाही तपकिरी. डोस वाढतो, सोबत दुकानदाराने दिलेली आणखी एक बाटली येते, आणि फळात गोडी भरायच्या वेळी वेलावरची निम्मी पानं कामातून गेलेली असतात.

यात दोन वेगळ्या भानगडी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. पिवळेपणा परत परत येतो तो मुळाकडच्या बिघाडामुळे. फवारणी त्याला काही दिवस झाकते. कडा करपतात त्या बहुतेक वेळा फवारणीमुळेच, आणि आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत, जड पाण्यात हे फार लवकर होतं. दोन्हींचा तपास वेगळा करायचा. एकाच पंपात दोन्हींवर औषध शोधायला गेलं की गुंता वाढतो.

आणखी एक गोष्ट इथल्या सवयीची. सांगोल्याकडे डाळिंब, कासेगावकडे द्राक्ष केलेल्या माणसाचा हात फवारणीवर बसलेला असतो; पंप काढला नाही तर आठवडा वाया गेल्यासारखं वाटतं. डाळिंबाचं पान जाड, गुळगुळीत, मेणचट. खरबुजाचं पान मोठं, मऊ, लव असलेलं, आणि पॉलिहाऊसमधलं तर उघड्या रानातल्यापेक्षाही कोवळं. डाळिंबावर चाललेला डोस इथे तसाच आणू नका.

आधी पान कुठलं आहे ते बघा

मॅग्नेशियम झाडात फिरतं. कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून फळाकडे आणि शेंड्याकडे पाठवतं. म्हणून खालची आणि मधली पानं, विशेषतः फळाच्या शेजारची, शिरा हिरव्या ठेवून मधून पिवळी पडतात. लोह फिरत नाही. त्याची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानावर दिसते, बारीक शिरांची हिरवी जाळी आणि बाकी पान पिवळट, फारच झालं तर पांढरट. कॅल्शियमही फिरत नाही. त्यात नव्या पानाची कड वाढत नाही, पान छत्रीसारखं खाली वळतं आणि कडेला जळतं. पालाश कमी असेल तर जुन्या पानाची कड आधी पिवळी होते आणि मग वाळते.

हे चार वाचून लगेच निष्कर्ष काढू नका, कारण सगळ्यात जास्त फसवणारं प्रकरण अन्नद्रव्याचं नसतंच. पांढरी माशी आणि मावा यांनी पसरणारे पिवळेपणाचे विषाणू काकडीवर्गीय पिकात येतात, आणि त्यांची लक्षणं मॅग्नेशियमच्या कमतरतेसारखीच दिसतात: जुनी पानं, शिरा हिरव्या, मध्ये पिवळं. फरक पसरण्यात दिसतो. एकाच ठिबक लाइनवरची सगळी झाडं कमी-जास्त एकसारखी पिवळी असतील तर पाणी-खताकडे बघा. चार झाडं पिवळी, शेजारचं हिरवंगार, पुन्हा दोन पिवळी, आणि पानं हाताला जाड व कडक लागत असतील, तर आधी पानाच्या मागे पांढरी माशी शोधा. लाल कोळीही लांबून पिवळेपणासारखाच दिसतो. दहापट भिंग खिशात ठेवा आणि पान उलटून बघा. जाळी आणि हलणारे ठिपके दिसले तर मॅग्नेशियमची पिशवी बाजूला ठेवा.

तोडणी आठ-दहा दिवसांवर आलेली असताना तळाची दोन-तीन पानं पिवळी पडली, तर त्यासाठी काहीच करायचं नाही. ती म्हातारी झालीत.

अर्ध्या पानाची चाचणी

शंका असेल तर पूर्ण पॉलिहाऊस फवारू नका. पिवळं पडायला नुकतीच सुरुवात झालेली चार-पाच पानं निवडा. एका भांड्यात लिटरला ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, दुसऱ्यात लिटरला अर्धा ग्रॅम चिलेटेड लोह (विरघळलेलं राहावं म्हणून सेंद्रिय रेणूत बांधलेलं), दोन्ही चांगल्या पाण्यात. मऊ ब्रशने पानाच्या मधल्या शिरेच्या एकाच बाजूला वरून-खालून लावा, दुसरी बाजू कोरडी ठेवा. देठाला रंगीत दोरा बांधा, कुठल्या दोऱ्याला काय लावलं ते लिहून ठेवा. पाच-सहा दिवसांनी लावलेली बाजू हिरवी झाली तर अन्नद्रव्य सापडलं. दोन्ही बाजू सारख्याच राहिल्या तर ते अन्नद्रव्य नव्हे, किंवा पान परत न येण्याइतकं गेलंय. लावलेल्या बाजूची कड करपली, तर तेवढा डोस तुमच्या पॉलिहाऊसला जास्त आहे हेही चार पानांच्या किमतीत कळलं.

लोहाच्या चाचणीत एक गंमत दिसते. जिथे द्रावणाचा थेंब बसला तिथेच हिरवा ठिपका, बाजूला पिवळंच. लोह पानातून पुढे सरकत नाही ते इथे डोळ्याने दिसतं. फवारलेलं पान हिरवं झालं तरी चार दिवसांनी निघणारं नवं पान पुन्हा पिवळं येणार, कारण फवारणीच्या दिवशी ते जन्मालाच आलेलं नव्हतं.

फवारणीतून नेमकं किती जातं?

हा हिशेब एकदा कागदावर केला की बरेच वाद मिटतात. उभ्या वेलाच्या एका झाडाला साधारण १०० मिली द्रावण बसतं. त्याहून जास्त मारलं तर खाली गळतं. लिटरला ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे झाडावर अर्धा ग्रॅम. त्यात शुद्ध मॅग्नेशियम साडेनऊ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४८ मिलिग्रॅम. हे सगळं आत गेलं असं धरलं तरी (जात नाही, निम्मं गेलं तरी खूप) ठिबकशी तुलना करा: फळ फुगताना झाड दिवसाला २ लिटर पाणी घेत असेल आणि त्यात ४० पीपीएम (लिटरला ४० मिलिग्रॅम) मॅग्नेशियम असेल, तर ८० मिलिग्रॅम एका दिवसात. म्हणजे तुमची पूर्ण फवारणी ठिबकच्या एका दिवसालाही पुरत नाही.

पालाशचं गणित आणखी वाईट. १३:००:४५ (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे; पालाशचा आकडा ऑक्साइडच्या रूपातला) लिटरला ५ ग्रॅमने फवारलं तर झाडावर १८५ मिलिग्रॅमच्या आसपास शुद्ध पोटॅशियम जातं, आणि २५० पीपीएमने २ लिटर ठिबकमधून रोज ५०० मिलिग्रॅम. गोडीसाठी १३:००:४५ किंवा ००:००:५० फवारणं हा माझ्या मते माती नसलेल्या शेतीत मजुरीचा अपव्यय आहे. ज्या झाडाच्या मुळाशी तुम्ही दिवसातून दहा वेळा खत देऊ शकता, त्याला पालाश पानातून कशाला भरवायचं?

लोहाचं मात्र उलटं आहे. १२ टक्क्यांचं चिलेट लिटरला अर्धा ग्रॅम घेतलं तर झाडावर ६ मिलिग्रॅम लोह बसतं, आणि ठिबकमध्ये २ पीपीएम असेल तर रोजचं ४ मिलिग्रॅम. इथे एक फवारणी दीड दिवसाच्या बरोबरीची होते. झाडाला ज्याची गरज मुळातच थोडी, त्याची फवारणी अर्थाची. लोह, मँगनीज, जस्त, बोरॉन यांना ती तात्पुरती उपयोगी. मॅग्नेशियमला आधार म्हणून. नत्र, पालाश यांना जवळजवळ नाही. कॅल्शियमकडे शेवटी येतो, कारण त्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

परत येतंय ना? मग पिशवीच्या खाली बघा

दोन बाटल्या, एक ट्रे, ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं) आणि पीएच मीटर (सामू मोजणारं). एका ड्रिपरचं पाणी दिवसभर बाटलीत गोळा करा आणि त्याच लाइनवरच्या एका ग्रो बॅगचं (कोकोपीटच्या पिशवीचं) ड्रेन, म्हणजे खाली निथळलेलं पाणी, ट्रेमधून दुसऱ्या बाटलीत. बॅगमध्ये जितके ड्रिपर तितक्याने पहिला आकडा गुणा. संध्याकाळी तीन गोष्टी लिहा: ड्रेन किती टक्के निघालं, दोन्हींचा ईसी, दोन्हींचा सामू. खरबुजाला ड्रिपचा ईसी साधारण २ ते २.५, सामू ५.५ ते ६ असावा. ड्रेनचा ईसी ड्रिपपेक्षा एखाद्या अंकाहून जास्त वर गेला तर पिशवीत क्षार साचताहेत. ड्रेनचा सामू ७ च्या पुढे असेल तर लोह, मँगनीज पाण्यात असूनही मुळाला मिळत नाहीत, आणि मग कितीही फवारा.

आपल्याकडे ड्रेनचा सामू चढायचं पहिलं कारण बोअरच्या पाण्यातला बायकार्बोनेट. पाणी तपासणीच्या कागदावर लोक टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) आणि ईसी बघतात आणि बायकार्बोनेटची ओळ सोडून देतात. तीच बघा. ६१ मिलिग्रॅम बायकार्बोनेट म्हणजे १ मिलिइक्विव्हॅलंट (आम्लाच्या हिशेबाचं माप). समजा अहवालात लिटरला ३६६ लिहिलंय, म्हणजे ६. त्यातला १ राखायचा आणि ५ आम्लाने मारायचे. हे पूर्ण फॉस्फोरिक आम्लाने केलं तर पाण्यात १५५ पीपीएम स्फुरद जाईल, आणि खरबुजाला ४०-५० पुरे. म्हणून स्फुरदाच्या गरजेपुरतं फॉस्फोरिक आणि उरलेलं नायट्रिक. नायट्रिकच्या प्रत्येक मिलिइक्विव्हॅलंटमागे १४ पीपीएम नत्र येतं, ते खताच्या नत्रातून वजा करा. ही वजाबाकी राहून गेली तर वेल नुसता पाल्यावर जातो, सेटिंग लांबतं, आणि त्याचा दोष बियाण्याला दिला जातो.

आकडेमोड नको असेल तर बादलीची चाचणी करा. २० लिटर बोअरचं पाणी घ्या, आम्ल आधीच पाण्यात शंभरपट सौम्य करून ठेवा, सिरिंजने थोडं थोडं टाकत ढवळा आणि ५.८ पर्यंत आणा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. चढलं असेल तर आणखी टाका. लागलेल्या मापावरून टाकीचा डोस काढा. हातमोजे, चष्मा हवाच, आणि आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. पावसाळ्यानंतर बोअरचं पाणी बदलतं आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की पुन्हा बदलतं, त्यामुळे जूनमधला डोस एप्रिलला लागू होईल असं धरून चालू नका.

लोहाचं चिलेट कुठलं हेही इथेच ठरतं. ईडीटीए सामू साडेसहाच्या आसपास गेला की लोह सोडून देतं, डीटीपीए सातच्या थोडं पुढे टिकतं, ईडीडीएचए त्याच्याही बरंच वर. ड्रेन ७ च्या वर असताना टाकीत ईडीटीए टाकणं म्हणजे पैसे पिशवीत पुरणं. ईडीडीएचए महाग आहे, पण मुळाकडून द्यायचं तर तेच. पानावर स्वस्तातलं ईडीटीए चालतं.

दुसरं कारण कोकोपीट स्वतः. कच्च्या कोकोपीटच्या कणांना पालाश आणि सोडियम चिकटलेलं असतं. तुम्ही कॅल्शियम-मॅग्नेशियम दिलं की कण ते पकडतात आणि त्याच्या बदल्यात पालाश-सोडियम पाण्यात सोडतात. नुसतं धुतल्याने हे जात नाही. कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून, म्हणजे बफर करून, मग धुवावं लागतं. ‘लो ईसी’ लिहिलेला ब्लॉक धुतलेला असतो, बफर केलेला असेलच असं नाही. लागवडीनंतर पहिल्या महिन्यातच मॅग्नेशियम कमी दिसायला लागलं तर मी आधी ब्लॉकवर संशय घेतो.

तिसरं, आणि फळ फुगताना सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे पालाशचा अतिरेक. फळाला वजन यावं म्हणून १३:००:४५ आणि ००:००:५० दोन्ही वाढवले जातात, मॅग्नेशियम सल्फेट आहे तिथेच राहतं. मुळावर पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकमेकांशी झगडतात, आणि त्यात मॅग्नेशियम नेहमी हरतं. तुमच्या बोअरच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर असलं तरी पानात कमतरता दिसू शकते ती याचमुळे. पालाश वाढवाल त्याच दिवशी मॅग्नेशियमचाही डोस वाढवा. फळ फुगेपर्यंत थांबून मग फवारण्यापेक्षा हे खूप स्वस्त पडतं.

चौथं विजेचं. शेतीच्या लाइनला थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीपार असताना कोकोपीटला थोडं थोडं पण सारखं पाणी लागतं. दुपारी लाइट नाही म्हणून तीन तास पाणी थांबलं, की झाड पाणी पितं, क्षार मागे राहतात आणि पिशवीतला ईसी चढतो. मग संध्याकाळी एकदम भरपूर पाणी दिलं जातं आणि रात्रभर मुळं पाण्यात गुदमरतात. दोन्ही टोकांना मूळ मरतं, आणि मेलेलं मूळ काहीच उचलत नाही. ठिबकपुरती उंचावरची टाकी किंवा छोटा सोलर पंप यावर केलेला खर्च फवारणीच्या बाटल्यांपेक्षा लवकर वसूल होतो. शंका असेल तर एका बॅगला बाजूने छेद देऊन मुळं बघा: पांढरी आणि केसाळ हवीत. तपकिरी झालेली, ओढल्यावर साल सुटून आतला दोरा हातात येणारी मुळं दिसली तर खताचा विचार थांबवा आणि पाण्याचं वेळापत्रक बदला.

कडा करपतात त्याचं काय?

फवारणीचा करप एक-दोन दिवसांत दिसतो. डाग पानाच्या टोकाला किंवा कडेला, जिथे थेंब ओघळून साचतो तिथे. फवारणीच्या वेळी जी पानं होती त्यांनाच. नंतर निघालेली स्वच्छ. क्षार साचल्याचा करप खालच्या पानांपासून हळूहळू वर येतो. कॅल्शियमचा करप नव्या पानावर. चौथा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही: सकाळी लवकर पॉलिहाऊसमध्ये गेलात तर पानांच्या कडेला मोत्यांसारखे थेंब दिसतात. ते दव नसतं. रात्री मुळाने लोटलेलं पाणी पानाच्या कडेच्या छिद्रांतून बाहेर आलेलं असतं, आणि त्यात क्षारही असतात. ऊन चढलं की पाणी उडतं, क्षार कडेवर राहतात. रोज हे झालं की कड जळते. यावर उपाय म्हणजे संध्याकाळचं शेवटचं पाणी लवकर बंद करणं.

फवारणीच्या करपामागे मुख्यतः हवा आहे. द्रावण ओलं असेपर्यंतच पानात शिरतं. उन्हाळ्यात सोलापूरच्या कोरड्या हवेत दुपारी थेंब काही मिनिटांत वाळतो. वाळताना तो घट्ट होत जातो. अर्धा टक्क्याचं द्रावण शेवटच्या क्षणी कितीतरी पट तीव्र होतं आणि पानातलंच पाणी ओढून घेतं. मग खडे पानावर पडून राहतात, आत काही जात नाही. मॅग्नेशियम सल्फेट एकदा वाळलं की हवेत नव्वद टक्क्यांच्या आसपास आर्द्रता होईपर्यंत पुन्हा ओलं होत नाही. मॅग्नेशियम नायट्रेट पंचावन्न टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणून मार्च ते मेमध्ये फवारायचंच असेल तर मी नायट्रेटच्या बाजूने आहे, थोडं महाग पडलं तरी.

वेळ कुठली? उन्हाळ्यात सूर्य मावळायच्या सुमारास, पॉलिहाऊसमधलं तापमान तिशीच्या खाली यायला लागल्यावर. सकाळचीही चांगली, पण सेटिंगच्या दिवसांत नाही: खरबुजाची फुलं सकाळी उमलतात, मधमाशा किंवा हाताने परागीभवन तेव्हाच चालतं, आणि भिजलेला पराग कामाचा राहत नाही. पावसाळी-ढगाळ हवेत मात्र संध्याकाळची फवारणी टाळा, रात्रभर पान ओलं राहिलं की केवडा आणि खोडावरचा डिंक्या हे रोग वाट बघतच असतात. तेव्हा सकाळी मारा, दहा-अकरापर्यंत पान कोरडं होईल अशा बेताने.

दुसरा दोषी पंपातलं पाणी. बोअरचं जड पाणी फवारलं की पानावर पांढरे डाग पडतात, सामू आठच्या जवळ असतो आणि चिलेटही बिघडतं. यावर इथे एक सोपी सोय आहे जी फार थोडे लोक करतात. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसच्या छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी उतरतं. दहा गुंठ्यांत दोन ते अडीच हजार झाडं, म्हणजे एका फवारणीला २००-२५० लिटर. गटारीला पाइप लावून एक-दोन काळ्या टाक्या झाकून भरून ठेवल्या तर पूर्ण हंगामाचं फवारणीचं पाणी फुकट मिळतं. ठिबकला पुरणार नाही, पण पंपाला नक्की पुरतं. पाऊस हुकला असेल तर आरओचं पाणी घ्या.

तिसरी गोष्ट मिश्रणाची. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकत्र घट्ट मिसळलं की जिप्सम तयार होतं. कॅल्शियम आणि ००:५२:३४ किंवा १२:६१:०० ही स्फुरदाची खतं एकत्र केली की कॅल्शियम फॉस्फेटचा साका. नोझल तुंबलं की लोक नोझल बदलतात. तांबायुक्त बुरशीनाशकासोबत आम्लीय खत टाकलं तर तांबं जास्त विरघळतं आणि पान भाजतं. गंधकाचा विषय तर वेगळाच: भुरीसाठी गंधक मारायचं आणि दोन दिवसांत खताची फवारणी, तेही उन्हाळ्यात. खरबूज गंधकाला नाजूक आहे, काही वाणांना तर ते मुळीच सोसत नाही, आणि तिशीच्या वरच्या तापमानात धोका वाढतो. खतामुळे पान जळलं म्हणून आलेल्या तक्रारीत मी आधी गंधक कधी मारलं ते विचारतो.

चौथी गोष्ट पंपाचीच. जिल्हाभर ऊस आहे, आणि उसात २,४-डी हे तणनाशक मारलं जातं. तोच पंप पाण्याने दोनदा विसळून खरबुजात आणला तर शेंड्याची पानं अरुंद, पंख्यासारखी, शिरा जवळजवळ आणि समांतर अशी निघतात. ते कशाचीही कमतरता नसते. पॉलिहाऊसचा पंप वेगळा ठेवा, त्यावर रंगाने खूण करा, शेजाऱ्यालाही देऊ नका. मागायला आलेल्याला नाही म्हणणं अवघड जातं, पण पूर्ण हंगाम जातो त्यापेक्षा बरं. आणि पोत्यातला साधा युरिया पानावर नको. त्यात बाययुरेटची (पानाला बाधणाऱ्या घटकाची) मर्यादा १.५ टक्क्यांपर्यंत असते, मऊ पानाला तेवढं पुष्कळ आहे.

फवारायचंच ठरलं तर

मॅग्नेशियम सल्फेट किंवा नायट्रेट लिटरला ५ ग्रॅम, पहिल्यांदा तर ३ ग्रॅमनेच. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम, वेगळ्या दिवशी. द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५. स्टिकर (द्रावण पानावर पसरवून चिकटवणारं) लेबलवरच्या कमी डोसने. स्टिकर वाढवला की खत जास्त शिरतं आणि करपही जास्त. बारीक थेंबाचं नोझल, पानाच्या खालच्या बाजूने, ओघळ सुटायच्या आत थांबायचं. आधी एकाच ओळीवर, दोन दिवस थांबून मग बाकीचं. सात-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा, आणि या काळात मुळाकडचं दुरुस्त झालं पाहिजे. तिसऱ्या फवारणीनंतरही नवीन पानं पिवळीच येत असतील तर चौथी करू नका.

जाळीदार वाण असेल तर फळावर जाळी भरायच्या दिवसांत फवारा फळावर जाऊ देऊ नका. सालीला भेगा पडून खपली धरत असते, त्यावर खताचा थेंब वाळला की डाग राहतो आणि बाजारात भाव पडतो. फवारणी करताना फळाला कागदी टोपी घातली तरी पुरतं.

कॅल्शियमची फवारणी फळासाठी?

नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर मुळाकडून वर चढतं आणि जिथे पाणी उडतं तिथे थांबतं. पानावर पडलेलं कॅल्शियम पानातच राहतं, देठातून मागे येऊन फळात जात नाही. फळ लहान आणि केसाळ असताना त्याच्या सालीतून स्वतः पाणी उडतं. त्याच काळात, सेटिंगनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, त्याच्या वाट्याला कॅल्शियम येतं. नंतर साल मेणचट होते आणि तो रस्ता जवळजवळ बंद होतो. उन्हाळ्यात आपल्याकडे दिवसा सगळं पाणी पानं ओढून घेतात आणि फळ उपाशी राहतं. पुढे कापल्यावर गर पाणचट, काचेसारखा निघतो. त्यावर उपाय म्हणजे त्या दोन आठवड्यांत ईसी आटोक्यात, ड्रेन २० ते ३० टक्के, दुपारी शेडनेट आणि फॉगर (बारीक धुकं सोडणारा), आणि त्या दिवसांत पालाश व अमोनियाचं नत्र न वाढवणं. नव्या पानांच्या कडा जळत असतील तर लिटरला ३-४ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट शेंड्यावर मारून पान वाचतं, तेवढ्यापुरतं ठीक.

इतकं करूनही सुटलं नाही आणि कुणाला विचारायचं असेल, कृषी विज्ञान केंद्र असो की ओळखीचा सल्लागार, तर नुसता एका पिवळ्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ‘साहेब काय मारू’ असं विचारू नका. पूर्ण वेलाचा एक फोटो द्या, पिवळं पान कितव्या पेरावरचं ते सांगा, त्याच पानाची मागची बाजू दाखवा, छेद दिलेल्या बॅगमधली मुळं दाखवा. सोबत पाण्याच्या अहवालातली बायकार्बोनेटची ओळ, तीन दिवसांचे ड्रिप-ड्रेनचे आकडे, आणि गेल्या पंधरा दिवसांत पंपात काय काय गेलं याची तारखेनुसार यादी, गंधक धरून.